दातांत धरायचं टोक

११ जानेवारी, गुरुवार

लॅब बंद झाली तरी सकाळी डबा भरायची सवय जात नाही. आई म्हणते, भर आणि बाल्कनीत बसून खा. एवढी वर्षं मी लोकांचे दात केले. कवळ्या, कॅपा, ब्रिज. तोंड डॉक्टरांनी बघायचं आणि त्यात काय बसवायचं ते आम्ही मागच्या खोलीत मेण नि प्लास्टर घेऊन ठरवायचं. आता डॉक्टर तोंडात कॅमेरा फिरवतात आणि मशीन दात कोरून देतं. मशीनला रजा लागत नाही, चहा लागत नाही. डिसेंबरात मालकांनी शटर ओढलं, पेढे वाटले आणि पॉलिशची मोटर मला देऊन टाकली. पेढे संपले. मोटर कसबा पेठेतच, लॅबच्या खाली, संभाजीभाऊंच्या दुकानात ठेवली आहे. ते लाकडाचं कातकाम करतात. लाटणी, रव्या, पाळण्याच्या दांड्या. म्हणाले, ठेवा, तुमच्या मोटरच्या आवाजात गिऱ्हाइकांची घासाघीस मला ऐकू येणार नाही.

आज तिथे पहिलं काम आलं. दाताचं नव्हे. पाइपचं. तंबाखू ओढायच्या पाइपचं.

एका ओळखीच्या डेंटिस्टने पाठवलं होतं. हिंमतराव जगदाळे, सत्तरीचे, पाटबंधारे खात्यातले निवृत्त इंजिनिअर, धायरीला राहतात. शर्टाला अशी कडक इस्त्री की बसताना आवाज येईल. रुमालातून पाइप काढून त्यांनी टेबलावर ठेवला. डेन्मार्कमधल्या कुणा कारागिराने हाताने केलेला. मेलबर्नला असणाऱ्या लेकीने, नम्रताने, दिलेला. कुठल्याशा झुडपाच्या मुळाच्या गाठीतून कोरलेली वाटी, तिच्यात तंबाखू जळतो. पुढे काळ्या कडक रबराची नळी. नळीच्या शेवटी दातांत धरायचं टोक. ते टोक जाड वाटतं, पातळ करून हवं.

मी म्हटलं, मी हे कधी केलेलं नाही.

"दातांचं केलंय ना? तेच आहे. फक्त हे चावत नाही."

घेतलं.

१३ जानेवारी, शनिवार

आईला कळलं. पर्समधून वास आला म्हणे. ती तीस वर्षं सरकारी दवाखान्यात सिस्टर होती, त्यातली शेवटची बरीच कान-नाक-घशाच्या वॉर्डात. तंबाखूवाल्यांवर तिचा राग वैयक्तिक आहे. भंडाऱ्याहून पुण्यात येऊन तिला चाळीस वर्षं झाली, भाषा आता पुरती पुणेरी आहे, पण राग आला की भंडारा वर येतो. "काहून गं? दुसरं काम नाही मिळालं?"

मी म्हटलं, आई, मी तंबाखू विकत नाही. मी फक्त तोंडाला बसवून देते.

"तेच म्हणते मी," आई म्हणाली, आणि कुकर लावायला गेली. ती अशीच भांडते. एक वाक्य बोलायचं आणि निघून जायचं. समोरच्याने उरलेलं भांडण स्वतःशी करत बसायचं.

२४ जानेवारी, बुधवार

टोक पातळ करून दिलं. कवळीची कड घासतात तसंच घासलं, मग प्युमिसची भुकटी, मग पॉलिश. आरशासारखं झालं होतं. जगदाळेसाहेबांनी ते डाव्या बाजूला दातांत धरलं, दुकानातल्या दुकानात दोन फेऱ्या मारल्या, संभाजीभाऊंच्या लाटण्यांकडे नापसंतीने बघितलं आणि म्हणाले, "ठीक."

मी हिरमुसले. संभाजीभाऊंनी समजूत घातली. म्हणाले, धायरीचा माणूस कसब्यात येऊन 'ठीक' म्हणाला म्हणजे शाल आणि श्रीफळ समजा.

साहेबांनी कुणाकुणाला सांगितलं असावं. आज एका वकिलांचा फोन आला. त्यांचा पाइप टेबलावर ठेवला की कलंडतो, वाटीचं बूड घासून सपाट करून हवं. म्हणजे पुण्यात अशी माणसं आहेत आणि त्यांना अशी दुःखं आहेत.

६ फेब्रुवारी, मंगळवार

जगदाळेसाहेब परत. आता नळी सरळ आहे ही तक्रार. सगळं वजन पुढे येतं आणि दातांवर ओढ बसते. वाकवून हवी, म्हणजे वाटी हनुवटीखाली लोंबेल आणि भार कमी होईल. मी विचारलं, इतकी वर्षं सरळच होती ना? म्हणाले, "इतकी वर्षं मी पण सरळ होतो."

आज जरा डोकं चालवलं. गुलाबी मेणाचा पट्टा गरम करून त्यांना चावायला दिला, अगदी कवळीसाठी घेतो तसा, म्हणजे दात कुठे आणि कसे टेकतात ते कळेल. त्यावरून प्लास्टरचा साचा केला. या वयात सगळे दात स्वतःचे, एकही कॅप नाही. माझ्या धंद्यासाठी असली माणसं घातक.

नळी गरम हवेने वाकवली. आत तार घालून, नाहीतर भोक दबतं. एका दमात जमली. मीच दोनदा उठून लांबून बघून आले.

११ फेब्रुवारी, रविवार

नवं गिऱ्हाईक, दिग्विजय. आयटीत आहे, कर्वेनगरलाच, आमच्या मागच्या सोसायटीत. त्याने इटलीहून हाताने केलेला पाइप मागवला आहे आणि त्याला तो 'युज्ड लुक' देऊन हवा आहे. कड थोडी जळलेली, टोकावर दातांच्या खुणा, नळीची चमक उतरलेली. मी म्हटलं, ओढलात की आपोआप होईल. म्हणाला, "नो नो, मी स्मोक नाही करत. व्हिडिओसाठी हवाय. बॅकग्राउंडला."

म्हणजे एकाच्या दातांना त्रास होऊ नये म्हणून टोक घासायचं आणि दुसऱ्याला दात लागलेले दिसावेत म्हणून खुणा पाडायच्या. खुणा मी माझ्याच दातांनी पाडल्या, वर कपडा धरून. आईला हे गिऱ्हाईक पसंत आहे. बिनधुराचा मुलगा, म्हणाली.

२० फेब्रुवारी, मंगळवार

साहेब. पाइप जड वाटतो. मी काट्यावर ठेवून दाखवला, जानेवारीत जेवढा होता तेवढाच. म्हणाले, काटा माझ्या तोंडात नाही. शेवटी संभाजीभाऊंनी वाटी बाहेरून पातळ केली, मी घासून रंग सारखा केला. खरं तर आधीचा घाट सुंदर होता. मन लागलं नाही. एखाद्याने नवी पैठणी आणून ती आखूड करा म्हणावं तसं.

जाताना साहेब पायरीवर थोडा वेळ थांबले, गालावर हात ठेवून. मला वाटलं काहीतरी चांगलं बोलणार. म्हणाले, तुमच्या गल्लीत पार्किंगची शिस्त नाही.

१२ मार्च, मंगळवार

आज मी चिडले, आणि ते लिहून ठेवते म्हणजे उद्या पुन्हा चिडायला नको.

साहेबांना आता पाइप उजवीकडून धरायचा आहे. टोक उजव्या बाजूला बसेल असं तिरपं करा, वर मऊ रबराची टोपी बसवा. मी म्हटलं, साहेब, तुम्ही एकदाच काय ते सांगा. ते ओशाळले असं वाटलं, पण पुण्यात ओशाळणं आणि तुच्छतेने बघणं यात चेहऱ्यावर फारसा फरक नसतो.

बाजू बदलायची म्हणून पुन्हा मेणाचा ठसा घेतला. घरी येऊन साचा केला तर मागच्या साच्याशी जुळेना. वरचे डावीकडचे दोन दात मागच्या खेपेपेक्षा खाली उतरल्यासारखे आणि बाहेर कललेले. मेण जास्त गरम असणार. इतकी वर्षं ठसे घेऊन मी असा ठसा घेतला तर मालकांनी मला पेढे दिले ते बरोबरच होतं. मेणावर लालसर डागही होता. जोरात ब्रश करत असणार हा माणूस. सगळं जोरातच.

दोन्ही साचे स्वयंपाकघराच्या खिडकीत वाळत ठेवलेत. परवा त्यांना फोन करून तिसरा ठसा घ्यायला बोलवावं लागेल. ते काय बोलतील ते मला आत्ताच ऐकू येतंय.

१७ मार्च, रविवार

सकाळी आई विहारातून आली, चहा टाकला आणि खिडकीशी उभी राहिली. बराच वेळ. चहा उतू गेला. आईचा चहा मी कधी उतू गेलेला पाहिलेला नाही.

"हे दोन्ही एकाच माणसाचे?"

हो म्हटलं. दुसरा चुकलाय, मेण गरम झालं.

तिने दोन्ही साचे हातात घेऊन डावी बाजू अंगठ्याने चाचपली. मग एकेक विचारायला लागली. आधी काय करून घेतलं? टोक पातळ. मग? वाकवून घेतलं, दातांवर भार नको म्हणून. मग? हलकं. मग? बाजू बदलली. मी सांगत गेले, आणि सांगता सांगता माझाच आवाज बारीक होत गेला.

"मेण चुकलेलं नाही, आमू," आई म्हणाली. "एका महिन्यात दात असे सरकत नाहीत. वर काहीतरी त्यांना ढकलतंय."

मग चहाचं पातेलं घासत बसली. मी इथे बसले आहे. जानेवारीपासून मी काय करत होते? त्या माणसाला दुखत होतं, आणि दुखत असतानाही ओढता यावं म्हणून मी दर खेपेला थोडी थोडी सोय करून देत होते. आणि वर तक्रारखोर म्हणत होते.

१९ मार्च, मंगळवार

आई आणि मी धायरीला गेलो. आईने पर्समध्ये टॉर्च घेतला होता आणि नेसली होती इस्त्रीची पांढरी साडी. तिच्या नोकरीच्या काळातला अवतार. मी फोनवर फक्त 'ठशाचं काम आहे' एवढंच सांगितलं होतं.

घर नीटनेटकं, एकट्या माणसाचं. भिंतीवर बायकोचा फोटो, बऱ्याच वर्षांचा. आईने स्वतःचं नाव सांगितलं, कुठे काम केलं ते सांगितलं आणि तोंड उघडायला सांगितलं. साहेब ताठ झाले.

"पाइपच्या दुरुस्तीला नर्स लागते हे मला माहीत नव्हतं."

"पाइपला नाही लागत," आई म्हणाली. "तुम्हाला लागते."

मला वाटलं आता दार दाखवणार. पण ते खुर्ची खिडकीच्या उजेडाकडे ओढून बसले आणि तोंड उघडलं. आईने टॉर्च धरला. टॉर्च बंद करून एवढंच विचारलं, कधीपासून आहे?

"दिवाळीपासून," साहेब म्हणाले. "बरं होईल म्हटलं."

डेंटिस्टला का नाही दाखवलं असं मी विचारलं. त्याच्याकडे गेलो होतो ना, म्हणाले, पाइपचं विचारायला. तोंडाचं विचारलं असतं तर त्याने सांगितलं असतं.

आईने लगेच तिच्या जुन्या दवाखान्यात उद्याची वेळ घेतली. आता निवृत्त असूनही तिच्या फोनवर तिकडचे लोक उभे राहून बोलतात असं वाटतं. निघताना साहेबांनी मला विचारलं, तिरप्या टोकाचं काम झालं का. मी नाही म्हटलं. "मग राहू द्या," म्हणाले.

२ एप्रिल, मंगळवार

रिपोर्ट आला. वरच्या जबड्याचा कॅन्सर, डाव्या बाजूला. गळ्यात उतरलेला नाही. डॉक्टर म्हणाले, आणखी दोन-तीन महिने थांबला असता तर वेगळं बोलावं लागलं असतं. ऑपरेशनमध्ये डाव्या बाजूचे दात, हाड आणि टाळूचा भाग काढावा लागेल.

साहेबांनी ऐकून घेतलं आणि विचारलं की आकृती काढून दाखवता का. डॉक्टरांनी काढली. मग दोघे धरणाच्या दुरुस्तीबद्दल बोलावं तसे बोलत होते. मी बाहेर येऊन जिन्यात रडले. आई आली नाही. ती आत त्यांच्याशेजारी बसून राहिली.

नम्रताला कळवायचं कुणी? ते म्हणाले, मीच. पण फोन लावून हवापाण्याचं बोलले आणि ठेवून दिला. शेवटी आईने बोलून घेतलं. येते आहे ती.

१४ एप्रिल, रविवार

जयंती. सकाळी आई आणि मी पुतळ्याला वंदन करून आलो, ऊन मी म्हणत होतं. दुपारी संभाजीभाऊंचा फोन, साहेब दुकानाशी उभे आहेत, सुट्टी आहे सांगितलं तरी हलत नाहीत. गेले. गल्लीत ढोल होते, एकमेकांचं बोलणं ऐकू येईना. त्यांनी रुमालातून पाइप काढला.

"भोक बुजवून द्या."

कुठलं, विचारलं. "सगळं. यातून वारा जाता कामा नये."

परवा ॲडमिट होणार आहेत. मी नळीत ॲक्रिलिक भरलं, संभाजीभाऊंनी वाटीच्या मापाची लाकडाची गुडदी कातून ठोकून बसवली, मी वरून सपाट घासली. साहेबांनी टोक तोंडात घेऊन फुंकून बघितलं. गाल फुगले, दुसरं काही झालं नाही. मग पाइप खिशात ठेवला. फेकून का नाही दिला, हे मी विचारलं नाही. लेकीने दिलेला आहे.

मला विचारायचं होतं ते मात्र विचारलं. मी ते टोक पातळ केलं नसतं तर तुम्ही आधी डॉक्टरकडे गेला असतात का?

ढोल थांबेपर्यंत ते थांबले. "तुम्ही नाही म्हणाला असतात तर मी दुसऱ्याकडे गेलो असतो," म्हणाले. "त्याने मेण लावलं नसतं."

२५ एप्रिल, गुरुवार

ऑपरेशन नीट झालं. गाल सुजलेला, नाकात नळी, डोळे उघडे. नम्रता माझ्याच वयाची आहे, बापासारखीच सरळ रेषेत बसते. आईला बघून उठली आणि नमस्कार केला. आई रोज जाते. मी विचारलं, रोज कशाला, तिथे सिस्टर आहेत की. त्यांना ड्रेसिंग नीट येत नाही म्हणाली.

३० मे, गुरुवार

नम्रता परत गेली. रजा संपली तिची. आता रेडिएशनचे शेक चालू आहेत, पण साहेब घरी आहेत. टाळूत जिथून काढलं तिथे पोकळी आहे, ती झाकायला दवाखान्यातून एक प्लेट मिळाली आहे. जड आहे आणि कडेने गळते. पाणी प्यायले की नाकातून येतं. बोलतात ते सगळं नाकातून वाहून जातं. न आणि म कळतात. स, श, त, क यांचा पत्ता लागत नाही.

आई मंगळवारी आणि शुक्रवारी धायरीला जाते. पातळ खिचडी, सूप. कर्वेनगरहून दोन बस बदलाव्या लागतात, तरी दमत नाही म्हणते. गुडघे दुखतात ते मंडईत जायचं असलं की.

८ जून, शनिवार

आजपासून दुकानात नियम केला. पाइप घ्यायच्या आधी मी टॉर्चने तोंड बघणार. नको असेल त्याने दुसरा माणूस शोधावा. संभाजीभाऊंना हे इतकं आवडलं की त्यांनी स्वतः पाटी रंगवून लावली: 'तोंड दाखवल्याशिवाय पाइप घेतला जाणार नाही. तोंड चांगले असल्याचे आपणच सांगू नये.'

वकील चिडून निघून गेले. संध्याकाळी परत आले आणि तोंड उघडून बसले. काही नव्हतं. हायसं वाटून त्यांनी एक लाटणं विकत घेतलं.

दिग्विजयने पाटीचा फोटो कुठेकुठे टाकला आहे. तीन फोन आले. एकालाही पाइप नव्हता, सगळ्यांना तोंड दाखवायचं होतं. मी त्यांना दवाखान्याचा पत्ता दिला.

२१ जुलै, रविवार

धायरीला मीही गेले होते. आई आता त्यांना नुसतं 'अहो' म्हणते. 'जगदाळेसाहेब' लांबलचक आहे खरं.

पण चित्र बरं नाही. नम्रताचा फोन आला. ते बोलले, ती म्हणाली, काय बाबा? परत बोलले. परत सांगा ना बाबा. तिसऱ्यांदा त्यांनी फोन आईच्या हातात दिला आणि गच्चीवर निघून गेले. आई सांगत होती, आता दूधवाल्याशीही बोलत नाहीत, पाटीवर लिहून दाखवतात. आईला काही सांगायचं असलं तरी लिहितात. तिने परवा त्यांची पाटी लपवून ठेवली. दिवसभर गप्प बसले, पण पाटी मागितली नाही. मागायला बोलावं लागलं असतं.

माणूस बरा झाला आणि गप्प झाला. ज्या माणसाने धरणं बांधली त्याने दुधाला नाही म्हणायला पाटी वापरायची.

घरी येताना मी आईला म्हटलं, ती प्लेट आतून भरीव आहे म्हणून जड आहे. पोकळ करता येते. लॅबमध्ये असताना मी अशा दोन केल्या होत्या, फार पूर्वी.

"मग इतके दिवस काय पाइप घासत होतीस?" आई म्हणाली.

२ ऑगस्ट, शुक्रवार

दवाखान्यातल्या दातांच्या डॉक्टरबाईंना भेटले. मला वाटलं हाकलतील. त्यांनी माझी जुनी कामं विचारली, मग म्हणाल्या, ठसा मी घेते, तुम्ही करा, तोंडात मी बसवून बघणार. असंच असायला हवं. त्यांच्याकडे यासाठी माणूस मिळत नाही म्हणाल्या; पोकळ काम वेळखाऊ, सगळे टाळतात.

संभाजीभाऊंनी त्यांची कातायची जागा रिकामी करून दिली. लाकडाचा भुसा उडाला तर माझं ॲक्रिलिक खराब होईल म्हणून स्वतः दुपारची कामं बंद ठेवली. गिऱ्हाइकांना सांगतात, आत ऑपरेशन चालू आहे.

१६ ऑगस्ट, शुक्रवार

पहिली प्लेट काल फसली. पोकळ झाली, हलकी झाली, पण झाकणाच्या सांध्यातून पाणी आत शिरलं. दुकानात पाण्याच्या वाटीत ठेवली तर बुडबुडे आले. फेकून दिली. घरी येऊन जेवले नाही. मशीनने ही केली असती का? कदाचित केली असती. माहीत नाही.

आज सकाळी डब्यात आईने केलेली माझ्या आवडीची वांग्याची भाजी होती, सावजी मसाल्याची, जी ती एरवी सणालाच करते.

२९ ऑगस्ट, गुरुवार

दुसरी बुडबुडा देत नाही. मी वाटी समोर ठेवून चहा होईपर्यंत बघत बसले. संभाजीभाऊ म्हणाले, आता बास, माशासारखं बघू नका. कड अजून अर्धा दिवस घासणार आहे. टाळूला कड बोचली तर माणूस ती काढून ठेवतो, आणि काढून ठेवलेली प्लेट म्हणजे नुसतं प्लास्टिक.

५ सप्टेंबर, गुरुवार

आज बसवली.

रस्त्यात सगळीकडे गणपतीचे मांडव, रिक्षा हलेना, आम्ही दवाखान्यात उशिरा पोचलो. साहेबांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता, ऑपरेशननंतर पहिल्यांदाच. वजन उतरल्यामुळे कॉलर मोठी झाली आहे. आई आत आली नाही, दाराशी पिशवी धरून उभी राहिली.

डॉक्टरबाईंनी प्लेट बसवली. एका जागी कड टोचत होती, ती तिथेच दोनदा घासली. मग ग्लास दिला. साहेब घाबरत घाबरत एक घोट प्यायले. आम्ही सगळे त्यांच्या नाकाकडे बघत होतो, जगातली सर्वात उद्धट माणसं असल्यासारखे. काही आलं नाही. अर्धा ग्लास प्यायले. काही नाही.

मग बाई म्हणाल्या, आता साठ, सत्तर, सासवड असं म्हणून दाखवा, स आणि त कळतात का बघू.

साहेब जिभेने प्लेट चाचपत बसले. मग त्यांनी मान वळवली, डॉक्टरबाईंकडे नाही, माझ्याकडे नाही, दाराकडे, आणि म्हणाले,

"सत्यशीलाबाई."

अक्षर न् अक्षर स्वच्छ. थोडं थांबून पुन्हा म्हणाले, जरा मोठ्याने.

"ऐकलं," आई म्हणाली. "इथेच आहे मी." आणि पिशवीत काहीतरी शोधायला लागली. बराच वेळ शोधत होती, सापडलं नाही.

मला मात्र त्यांचं कौतुक वाटलं. इंजिनिअर माणूस. सासवडपेक्षा आईचं नाव चाचणीला कितीतरी चांगलं आहे, स आहे, त्य आहे, श आहे, सगळं एकाच शब्दात येतं. मी तिथल्या तिथे डॉक्टरबाईंना सुचवलं की पुढच्या पेशंटनाही हेच म्हणायला लावा. त्या इतक्या हसल्या की मास्क खाली घसरला. त्यात हसण्यासारखं काय होतं ते कळलं नाही. पण हसता हसता त्यांनी आणखी दोन पेशंटचे ठसे माझ्याकडे द्यायचं कबूल केलं, तेव्हा हसू देत.

नम्रताला तिथूनच फोन लावला. साहेब पार्किंगपासून प्लेटच्या वजनापर्यंत सगळं सांगत होते, आणि तिने एकदाही 'काय बाबा' विचारलं नाही. मग तिकडून नाक ओढल्याचा आवाज आला. साहेब म्हणाले, रडू नकोस, आंतरराष्ट्रीय कॉल आहे.

येताना मी एकटीच कर्वेनगरला आले. आई म्हणाली, तू हो पुढे, मी धायरीला जाऊन त्यांना पथ्य नीट समजावून येते. रात्री उशीर झाला तर जेवून घे म्हणाली. पथ्याचा छापील कागद माझ्याच पर्समध्ये राहिला आहे, आत्ता बघितला. उद्या नेऊन द्यायला हवा, नाहीतर बिचारी काय समजावणार.